मागून म्हणायची गाणी

आबाजींचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, भजनाचे बाड माझ्याकडे आले तेव्हा त्याच्या लाल कापडी पुठ्ठ्याचा रंग अजून हाताला लागत होता. दुकानातल्या खातेवहीसारखी लांबट आणि मधोमध सुताने शिवलेली ती वही आहे. पहिल्या पानावर शाईने आखलेली अनुक्रमणिका आहे, पण एकविसाव्या गाण्यानंतर ती लिहिण्याचा कंटाळा आलेला दिसतो. आत अभंग, श्लोक, आरत्या, भजने आणि नामाच्या धुनी कसल्याही क्रमाशिवाय एकापाठोपाठ एक आल्या आहेत. त्या बाडातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग मात्र समासात आहे. गाणे कोणाकडून मिळाले, कुठे ऐकले आणि तिथले लोक एखादा शब्द निराळा म्हणत असतील तर तो कोणता, हे सारे आबाजींनी डाव्या समासात बारीक अक्षरात टिपून ठेवले आहे. ‘एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडून’, ‘धाकट्या सुनेच्या माहेरची चाल’, ‘इथे ते लोक दोनदा म्हणतात’ अशा त्या नोंदी आहेत. चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द असा भेद त्यांनी कुठेच केलेला नाही.

नागपुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी काही जण जमतात. गाड्या लावण्याच्या जागेचा एक कोपरा झाडून घ्यायचा, सतरंजी घालायची, एक समई लावायची आणि अर्धा तास प्रार्थना म्हणायची, एवढाच तो बेत असतो. बारा ते पंधरा माणसे असतात. निम्मी मराठी, काही छत्तीसगडकडची हिंदी बोलणारी, आणि एक तेलुगू जोडपे, ज्यांना मराठी नीट कळते पण बोलताना संकोच वाटतो. माझ्याकडे आबाजींचे बाड आहे हे समजल्यावर प्रार्थनेसाठी गाणी निवडून देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी मोठ्या हौसेने बारा गाणी निवडली, मोठ्या अक्षरात छापून घेतली आणि प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत दिली.

तिसऱ्या गुरुवारी माझ्या लक्षात आले की बारापैकी आठ गाणी मी एकटीच म्हणते आहे. बाकीचे कागदाकडे पाहून ओठ हलवत होते आणि गाणे संपले की ‘वा, छान’ म्हणत होते. प्रार्थनेनंतर कोणी छान म्हटले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

दोष गाण्यांचा नव्हता, निवडीचा होता. मला जी गाणी अर्थाने खोल आणि चालीने देखणी वाटत होती ती मी उचलली होती. काहींच्या अंतऱ्यात आवाज वरच्या षड्जाला जाऊन थांबत होता, काहींच्या ओळींची लांबी दर कडव्याला बदलत होती, आणि एका गाण्यात तर ध्रुवपद तीन ओळींचे होते. ऐकायला ती सुरेख आहेत. पण पहिल्यांदाच आलेल्या, गळा नसलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला त्यांच्यात शिरायला दार नाही. जी उरली त्या चार गाण्यांना ते दार होते, आणि ती चारही मला फार साधी वाटल्यामुळे मी यादीच्या शेवटी टाकली होती.

खरे तर हे मला लहानपणीच कळायला हवे होते. आमच्या गावी, अमरावती जिल्ह्यात, दिवेलागणीला श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असे. मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात तरटे टाकली जात. पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला, पण ओळी एकाच रेषेत. कोण कोणत्या घरचा, कोणाकडे किती कपाशी, याला त्या ओळीत जागा नव्हती. जो आधी आला तो पुढे बसे. समोर मूर्ती नसे, पांढरी चादर अंथरलेले एक रिकामे आसन असे. मी चार-पाच वर्षांची असताना त्या आसनावर कोण येऊन बसणार आहे याची रोज वाट पाहत असे, आणि कोणीच येत नाही म्हणून रोज हिरमुसत असे. आबाजी खंजिरी घेऊन पहिल्या ओळीच्या कडेला बसत. तिच्या लाकडी कड्यातल्या दोन चकत्या कधीच पडून गेल्या होत्या, त्यामुळे तिचा आवाज थोडा बोबडा येई.

मला गळा बरा होता आणि त्याचा मला गर्वही होता. दहाव्या-अकराव्या वर्षी एकदा मला पुढे म्हणायला बसवले. मी चालीत जागोजागी गळ्याच्या हरकती घेतल्या. प्रार्थना संपल्यावर घरी जाताना आबाजी म्हणाले, “बाई, तू गोड म्हनतं, पन तुह्या मांगं कोनाले येताच येत नाही.” त्या दिवशी मला हा अपमान वाटला. पुढच्या आठवड्यात त्यांनी ज्याला म्हणायला बसवले, तो आमच्याकडचा सालदार होता. त्याचा आवाज भरडा होता, पण पहिल्या ओळीपासून सगळे पटांगण त्याच्याबरोबर होते, आणि मी ओळीत बसून रुसून का होईना पण म्हणत होते.

ही प्रार्थना ज्यांनी रुजवली ते तुकडोजी महाराज स्वतः मात्र कमालीचे प्रभावी गायक होते, हा त्यातला मौजेचा भाग आहे. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मलेल्या या माणसाची खंजिरी ऐकायला हजारो लोक जमत, असे जुनी माणसे सांगत. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि 1942 च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला. एवढी गर्दी खेचणाऱ्या माणसाला आपला आवाज हेच प्रार्थनेचे केंद्र करणे सहज जमले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांच्या भजनात ते गात आणि लोक ऐकत. पण प्रार्थनेसाठी त्यांनी ठरलेली वेळ, ठरलेली बैठक आणि ठरलेली गाणी अशी चौकट घालून दिली, जी ते नसतानाही, कोणत्याही खेड्यात, कोणत्याही भरड्या आवाजाच्या माणसाला चालवता येईल. रचनाही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केल्या, त्यामुळे विदर्भाच्या सीमेपलीकडे त्या अडल्या नाहीत. भजन आणि प्रार्थना या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या होत्या, असे मला आता वाटते.

मागून म्हणायच्या गाण्याची बांधणी कशी असते, याचा मी तिसऱ्या गुरुवारनंतर पुन्हा शोध घेतला, आणि त्यासाठी बाडातल्या पहिल्या गाण्यापलीकडे जावेच लागले नाही. ते गाणे म्हणजे ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा पहिला अभंग आहे.

देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी ।
तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥

हातावर अक्षरे मोजली की दिसते, पहिल्या तीन तुकड्यांत सहा सहा अक्षरे आहेत आणि चौथ्यात चार. तीन सारखी पावले टाकून चौथे पाऊल आखूड पडते, आणि त्या आखूड पावलानंतर जी जागा रिकामी राहते तिथे टाळ वाजतो. छंदाच्या पुस्तकात ही रचना एका आकड्यात संपते, पण तरटावर बसलेल्या माणसाला त्या रिकाम्या जागेचे मोल फार असते. तिथे श्वास घेता येतो. ज्याची ओळ मागे राहिली त्याला तिथे गाठता येते. जो पुढचा शब्द विसरला त्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायला तेवढा वेळ मिळतो. द्वारी, क्षणभरी, चारी हे यमकही सजावटीसाठी आलेले नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या जिभेला ते पुढची ओळ आठवून देते. मग ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी’ हे ध्रुवपद येते. त्यातही तेच सहा-सहा-सहा-चार, आणि त्यातले पहिले दोन तुकडे तर अक्षरशः एकच आहेत. म्हणजे नवख्या माणसाने सहा अक्षरे ऐकली की पुढची सहा त्याला आलेलीच असतात. प्रत्येक अभंगानंतर हेच ध्रुवपद फिरून येते, त्यामुळे सत्तावीस अभंगांतला एकही पाठ नसलेला माणूससुद्धा संपूर्ण हरिपाठात अधूनमधून आपला वाटा उचलू शकतो. कडवे ज्याला येते त्याचे, ध्रुवपद सगळ्यांचे. पुढच्याने सोडलेला सूर मागच्यांनी उचलून धरण्याला आपल्याकडे झील धरणे म्हणतात, आणि हरिपाठाची सगळी बांधणी झील धरणाऱ्याची सोय पाहून झालेली आहे.

वारकऱ्यांचा ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र तर याच्याही पुढे जातो. मंत्र म्हटला की गुरूने शिष्याच्या कानात सांगायचा आणि शिष्याने जपून ठेवायचा, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. तुकाराम महाराजांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, तेव्हा त्यांनी तो गुपित ठेवला नाही. अभंगात उघड सांगून टाकला. कोणी दिला तेही सांगितले, कोणत्या तिथीला मिळाला तेही सांगितले. ‘माघ शुद्ध दशमी पाहुनि गुरुवार’ असा तो वारासकट दाखला आहे. (आमच्या तळमजल्यावरच्या मंडळीला गुरुवार सोयीचा एवढ्याचसाठी आहे की त्या दिवशी पाण्याचा टँकर येत नाही, हे इथे प्रांजळपणे सांगते.) कानात सांगायचा मंत्र आषाढात लाखो लोक भर रस्त्यात टाळ कुटीत म्हणतात, आणि तो म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही, दीक्षा लागत नाही, शुल्क लागत नाही. गाणे वाटून घेणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या गावापासून गांधीजींचा सेवाग्राम आश्रम फार दूर नाही. आबाजी दोनदा तिथल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन आले होते, आणि बाडात ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हे अक्षरांनी अपरिचित पण हस्ताक्षराने अगदी घरचे वाटणारे शब्द आहेत. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात या जपानी बौद्ध मंत्राने होते. त्या आश्रमात राहून गेलेल्या जपानी भिक्षूंमुळे तो तिथे आला आणि कायमचा राहिला. समासात आबाजींनी लिहिले आहे, ‘अर्थ विचारला, सांगितला, विसरलो. म्हणताना बरे वाटते.’ प्रार्थनाभूमीवर उघड्या आभाळाखाली बसून म्हणायच्या त्या प्रार्थनेत उपनिषदाचा मंत्र येतो, कुराणातला येतो, पारशी धर्मातला येतो, गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक येतात, एखादे भजन आणि रामधून येते.

ही गाणी एकत्र आणणाऱ्यांत एका मराठी माणसाचा मोठा हात होता, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गांधीजींनी आश्रमासाठी संगीत जाणणारा माणूस मागितला, तेव्हा 1918 साली ते साबरमतीला गेले. त्यांनी आश्रमातल्या प्रार्थनेला स्वर दिला आणि ‘आश्रम भजनावली’ संकलित केली. 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालले. एवढा शिकलेला गवई रोज पहाटे ज्यांच्या बरोबर गात असे त्यांतले बहुतेक बेसूर असणार, हे मला नेहमी आठवते. त्यांना ते खटकत नसेल असे नाही. भजनावलीत संस्कृत, हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली अशी किती तरी गाणी शेजारी शेजारी बसली आहेत, आणि त्यांचा क्रम भाषेच्या प्रतिष्ठेवर लागलेला नाही. 1930 सालीच येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या भजनावलीतली गाणी थोडी थोडी करून इंग्रजीत उतरवली, कारण त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांना ती समजावीत अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे एवढे मोठे आंदोलन पेटलेले असताना एका माणसाने तुरुंगात बसून गाणी भाषांतरित केली, ती आश्रमातली एक व्यक्ती प्रार्थनेत अर्थाविना बसू नये म्हणून. तो शिणवटा कशासाठी घेतला असेल हे तळमजल्यावर बसल्यावर थोडे समजते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली आणि फेब्रुवारी 1931 मध्ये पूर्ण केली. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती आणि मराठीतली जी होती ती तिला अवघड वाटली, ही त्यामागची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. गीताईबद्दल मला सांगायचे आहे ते वेगळेच. विनोबांनी अर्थ मराठीत आणला, तरी बहुतांश श्लोकांना आठ आठ अक्षरांची मूळ चाल ठेवली. त्यामुळे ज्याला संस्कृत श्लोकांची चाल कानावरून माहीत होती त्याला गीताई म्हणायला नवे काहीच शिकावे लागले नाही. माझी आजी चुलीपुढे स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणायची. तिला वाचता येत नव्हते. ती ते प्रार्थनेच्या ओळीत बसून, मागून म्हणत म्हणत शिकली होती.

हे सारे असताना आमच्या गावची प्रार्थना विस्कटली कशी, तेही सांगायला हवे. मी महाविद्यालयात असताना गावात वर्गणी काढून ध्वनिक्षेपक घेतला. नंतर पेटी आली, मग तालुक्याहून एक उत्तम गाणारे गृहस्थ गुरुवारी यायला लागले. हेतू वाईट नव्हता. त्यांचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून शिवारापर्यंत जाई, आणि लोक अभिमानाने सांगत की आपली प्रार्थना शेजारच्या गावात ऐकू जाते. फक्त त्या आवाजापुढे ओळीत बसलेल्या कोणालाच स्वतःचा आवाज ऐकू येईना. जे आधी मोठ्याने म्हणत ते पुटपुटायला लागले, पुटपुटणारे गप्प बसले, आणि गप्प बसणाऱ्यांना घरी बसूनही तेच ऐकू येत असल्यामुळे त्यांनी यायचे सोडले. दीड-दोन वर्षांनी तरटावर सात-आठ म्हातारी माणसे उरली. पुढे त्या गृहस्थांचे येणे थांबले, तोवर म्हणण्याची सवय मोडली होती. मग त्यांच्या जागी ध्वनिफीत लावायला लागले, आणि कोणाला त्यात काही वावगेही वाटले नाही. आबाजी भांडले नाहीत. खंजिरी घेऊन जात आणि फितीबरोबर वाजवत; ती फीत त्यांच्यासाठी कधी थांबत नसे, म्हणून मधेच हात थांबवून बसत.

टाळेबंदीच्या काळात आमच्या इमारतीतल्या लोकांनी मोबाइलवर एकत्र प्रार्थना म्हणून पाहिली. प्रत्येकाचा आवाज अर्ध्या क्षणाने मागे पडे आणि ‘हरि मुखें म्हणा’चे पंधरा तुकडे होऊन कानावर येत. अखेर एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आपापले आवाज बंद ठेवायचे असे ठरले. आमच्या गावाने कर्ण्यापुढे जे केले तेच आम्ही इथे बटण दाबून केले. दुसऱ्या आठवड्यात तो प्रयोग आपोआप थांबला.

मोझरीला मात्र एक सामुदायिक प्रार्थना अशी होते जिच्यात कोणालाच सूर लावावा लागत नाही. 11 ऑक्टोबर 1968 रोजी तुकडोजी महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी तिथे जमलेला सारा समुदाय मौन उभा राहतो. मी एकदा आबाजींबरोबर त्या गर्दीत होते. लहान मुले, फुगेवाले, पोलीस, भाकरीची गाठोडी सांभाळणाऱ्या बायका, सगळे थांबले. पेटी नाही, खंजिरी नाही, शब्द नाही. कोणाचा आवाज चांगला आणि कोणाचा वाईट हा प्रश्नच तिथे उरत नाही. नंतर जेव्हा लोक पुन्हा म्हणायला लागले तेव्हा पहिला शब्द कुठल्या बाजूने आला ते मला सांगता आले नसते.

आता तळमजल्यावर आम्ही चार गाणी आणि एक धून म्हणतो. तेलुगू जोडप्यातल्या काकांनी एक लहानसे तेलुगू भजन दिले आहे, ज्यात देवाचे नाव धरून एकूण सहाच शब्द आहेत. ते आम्हाला एका संध्याकाळी आले. कडवी म्हणण्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि मी शेवटच्या ओळीत बसते. हरकती घ्यायचा मोह अजून होतो.

मागच्या गुरुवारी पाळी छत्तीसगडकडच्या वहिनींची होती. त्यांनी हरिपाठाचा पहिला अभंग घेतला आणि स्पष्ट आवाजात ‘देवाचिये द्वारीं उभी क्षणभरी’ असे म्हटले. मागच्या बायकांनी तसेच उचलले. प्रार्थना संपल्यावर मी त्यांना म्हटले की मूळ शब्द ‘उभा’ असा आहे. त्या हसून म्हणाल्या, “भाभी, खड़ी तो मैं हूँ ना?” उत्तर सुचले नाही. घरी येऊन अक्षरे मोजली. सहाच होती.

रात्री बाड उघडले. इतक्या गाण्यांच्या समासात नोंदी आहेत, पण या पहिल्या अभंगाचा समास कोरा होता. जो सगळ्यांनाच येतो त्याचा पाठभेद काय टिपायचा, असे आबाजींना वाटले असावे. मी पेन्सिल घेतली आणि ‘उभी’ असे लिहून पुढे तारीख घातली. खाली बारीक अक्षरात लिहिले, ‘तळमजल्यावरच्या वहिनी. बायका असे म्हणतात.’